तळमजल्यावरचं बिऱ्हाड

भाडेकरूला हात लावू देत नाही म्हणून चन्नबसप्पांनी जन्मभर कायद्याला शिव्या घातल्या. पाथरीतली त्यांची तीन मजली इमारत बिऱ्हाडांनी भरलेली आणि हलायला कुणी तयार नाही. शेवटी नातवाच्या लिंगधारणेच्या विधीच्या दिवशी त्यांनी ती लेकाच्या नावावर करून टाकली. म्हणाले, "शिवकांत, आता ही डोकेदुखी तुझी."

शिवकांतनं त्याच इमारतीतली घरं ओनरशिपवर विकायला काढली. पहिलं गिऱ्हाईक घर बघायला आलं, तर वरच्या मजल्यावरची बायनाबाई जिन्यातच आडवी आली. "लगीन होऊन आले तवापासून भाडं भरायलोत आमी. आता कुठं जावं?" वकिलानंही हात टेकले. जुन्या भाडेकरूंना बाहेर काढता येणार नाही, म्हणाला.

तळमजल्यावर राहणाऱ्या चन्नबसप्पांना, म्हणजे आप्पांना, मनातून हसूच आलं. मालक होणं काय असतं, ते आता कळेल म्हणावं लेकाला.

चार दिवसांनी शिवकांत परभणीच्या आपल्या बंगल्यावरून आला आणि आप्पांच्या पलंगावर टेकला. त्यांचे पाय दाबत दाबत म्हणाला, "आप्पा, वरचं कुणीबी हलंना. रिकामं करता येण्यासारखं हे एकच घर हाय, अन् गिऱ्हाईक लय चांगलं आलंय. तुमी पिंगळीला अक्काच्या सासरी जाऊन ऱ्हावा."

आप्पांनी हळूच पाय आखडून घेतले.



"त्यापरीस मलाबी भाडेकरू करून घे, बाबा."