पिवळी रेघ

सातव्या पिस्टनचे बोल्ट आवळल्याचं बद्रीनाथला आठवत नव्हतं. रेघ मारल्याचं आठवत होतं.

समोर सोळा पिस्टनचं इंजिन धडधडत उभं होतं. चिकलठाण्याच्या पुढं, रुळालगतच्या या कारखान्यात जुनी डिझेल इंजिनं पार उघडून नव्यानं बांधायची होती. हे त्यातलं पहिलं. तीस वर्षं माल ओढून चार वर्षं गवतात गंजत पडलेलं. त्याला उठवायला आठ महिने गेले होते. दीड वाजता मालाचे अकरा भरलेले डबे घेऊन ते जालन्याला जाऊन येणार होतं. नीट परत आलं तर मागची आठ इंजिनं इथंच येणार, मालगाड्यांना आणि पॅसेंजरला जुंपली जाणार. नाही आलं तर ती भंगारात जाणार आणि कारखान्याला कुलूप. बेचाळीस माणसं कामावर होती. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

कामाची रीत साधी होती. बोल्ट आवळत जायचा. ठरलेला जोर बसला की पाना टक्कन बोलतो. मग ब्रशनं पिवळी रेघ ओढायची, बोल्टावरून खाली पिस्टनच्या रॉडवर. रेघ म्हणजे शब्द. रेघ दिसली की पुढचा माणूस विचारत नसे. आणि बद्रीनाथ मिस्त्रीची रेघ चौतीस वर्षांत कुणी तपासून पाहिली नव्हती.

सातवा पिस्टन बसवला त्या दिवशी डोक्यात कीर्तन घुमत होतं. बिडकीनच्या सप्ताहात महाराजांनी आदल्या दिवशी कुंभाराचं आख्यान लावलं होतं. चिखल तुडवता तुडवता तो नामात असा रंगला, की रांगत आलेलं लेकरू पायाखाली गेलं तरी त्याला कळलं नाही. मंडपात बाया पदरानं डोळे पुसत होत्या. बद्रीनाथही रडला होता. दुसऱ्या दिवशी सातव्या पिस्टनपाशी ओठांवर तीच चाल होती, हातात ब्रश होता. त्याआधी पाना होता का? पांडुरंगा, पाना होता का?

चालत्या इंजिनात तो बोल्ट सुटला तर रॉड पोलाद फोडून बाहेर येतो. तेल पेटतं. चालकाची कॅब तिथून दहा पावलांवर.

चालक कृष्णा कॅबची शिडी चढत होता. देवगाव रंगारीचा, गळ्यात तुळशीची माळ. वरून हसून म्हणाला, "मामा, तुमचं म्हातारं पळवून आणतो. मधीच बसलं तर ढकलायला या म्हंजे झालं."

बद्रीनाथला हसू आलं नाही. कुंभाराच्या लेकराला देवानं परत उठवलं होतं. कृष्णाला कोण उठवणार?

तो कारखान्याचा मालक सत्यम याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, इंजिन बंद करा."

"का?"

"सातव्याचे बोल्ट. आवळले का नाय, मला आठवत नाय."

"मामा, रेघ आहे ना त्यावर?"

"रेघ हाय. म्हणून तर भ्या वाटतंय."

सत्यमचा चेहरा उतरला. "गरम इंजिन उघडता येत नाही. दोन तास थंड व्हायला लागतील. रुळावरची आपली वेळ जाईल, आणि चाचणीचा आज शेवटचा दिवस आहे. कळतंय ना, तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय."

बद्रीनाथच्या जोडीला काम करणारी रूपाली पुढं आली. छावणीहून यायची, दोन लेकरांची आई, आठ वर्षं मुरलेली फिटर. "सर, जाऊ द्या इंजिन. घट्टच हायेत ते."

"कशावरून?"

तिनं बद्रीनाथकडं पाहिलं.

"तू गप, माय," बद्रीनाथ म्हणाला. "हात माझा व्हता."

इंजिन बंद झालं. कारखान्यात एवढी शांतता कधी नसायची. बद्रीनाथ उन्हात रुळावर बसून राहिला. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. जाता जाता पुंडलिक वेल्डर बोलून गेला, "आठ म्हैने गप व्हते, आज बरं आठवलं." नाम घ्यावं म्हटलं तर तेही तोंडात येईना.

साडेतीनला सातव्याचं झाकण उघडलं. पाना सत्यमनं स्वतः हातात घेतला. पहिला बोल्ट. टक. दुसरा. टक. तिसरा. चौथा. एकही केसभर हलला नाही.

सत्यम तिथंच खाली बसला. मग फोनवर फोन लावले, विनवण्या केल्या. साडेचारची वेळ मिळाली. "मामा, जीव घेता का आमचा," एवढंच तो म्हणाला. माणसं चहाकडं पांगली. कृष्णानं वरूनच हात जोडले.

बद्रीनाथनं कोमट लोखंडाला कपाळ टेकवलं. डोळे गळत होते. शेजारी रूपाली झाकणाचे नट लावत होती.

"बघ माय, हातानं इमान राखलं व्हतं. मनच फसवं," तो म्हणाला. "उगंच एवढ्या लोकांना घोर लावला. बाकीच्या पंधरांची तर मला डोळे झाकून खात्री हाय."

रूपालीचा हात थांबला. जवळ कुणी नाही हे तिनं बघून घेतलं.

"मामा, दिवाळीपासून तुम्ही घरी गेलात की मी पाना घेऊन तुमच्या मागून फिरते. सैल सापडला की रेघ पुसते, आवळते, अन् परत तुमच्यासारखीच रेघ मारते. सोळाच्या सोळा बघितलेत. इंजिनाची काळजी करू नका."

बद्रीनाथनं लोखंडावरून कपाळ उचललं. "म्हंजे हा सातवा बी तूच आवळला व्हता?"

"नाय. हा तुमचाच. घट्ट व्हता," ती खाली बघत म्हणाली. "सैल निघाले ते त्या पंधरांतले."