मान खाली

"हँडल वर घे, दादा," शर्वरी म्हणाली.

आपल्या सायकलच्या दुकानात निशिकांतने पाना खाली ठेवला. महिनाभर खपून त्याने धाकट्या बहिणीची ट्रायथलॉनची सायकल जुळवली होती. सीट पुढे, हँडल खाली, कोपरं टेकलेली, पाठ सपाट, मान खाली. वाऱ्याला अडायला जागाच उरली नव्हती. सरावात चार मिनिटं वाचत होती.

"स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. हँडल वर घेतलं की ती चार मिनिटं गेली."

"रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्यावर मी मान खाली घालून सुसाट निघाले होते. तो माणूस मला धडकेनंतरच दिसला."

दूध घालायला सायकलवर निघालेले बंडा चौगुले मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडले होते. "म्हातारा एकदम आडवा आला," असं मागून मोटारसायकलवर येणाऱ्या निशिकांतनेच पोलिसांना सांगितलं होतं. शर्वरी तेव्हा गप्प राहिली होती.

"आज त्यांना भेटून आले," ती म्हणाली. "तेच माझी माफी मागत होते. 'ताई, माझंच चुकलं असंल,' म्हणाले. ते कडेनेच चालले होते, दादा. मी चौकीत जाऊन खरं सांगणार आहे."

"मग स्पर्धा विसर. पुढचंही सगळं अवघड होईल."

"माहीत आहे."

ती निघून गेली. निशिकांतने एकदा सायकलकडे पाहिलं. मग दुकानाचं शटर ओढून तो तिच्यामागे धावला.

"थांब," त्याने हाक मारली. "खोटं मी बोललो होतो. आधी मी सांगतो."