पुन्हा पहिल्यापासून

"नऊ, सी, चार, चार." ती पाकिटातल्या कागदावरून वाचत होती.

"बरोबर," तंत्रज्ञ पडद्याकडे बघत म्हणाला.

"सात, एफ, शून्य, आठ."

"बरोबर."

तिने कागद खाली ठेवला. "कागदावर आठ नाही, तीन आहे. पडद्यावरही तीनच आहे. मी मुद्दाम चुकीचं वाचलं."

त्याचे कान लाल झाले. "मॅडम, परीक्षा घेताय माझी?"

"हो. चला, पहिल्यापासून."

किरणोपचाराचं यंत्र परवापासून बंद होतं. नव्या सॉफ्टवेअरची सीडी सकाळी आली होती. यंत्राचा संगणक बाहेरच्या कशालाही जोडलेला नव्हता. आत शिरायची वाट एकच, ही सीडी. कंपनीने चौसष्ट अक्षरांची खूण वेगळ्या माणसाबरोबर, सीलबंद पाकिटात पाठवली होती. सीडी तपासून संगणकाने काढलेली खूण तिच्याशी अक्षरन् अक्षर जुळली, तरच वाटेत कोणी हात घातला नाही असं धरायचं. एका फिरलेल्या आकड्याने किरणांची मात्रा कुठे जाते, हे त्या विभागाची भौतिकतज्ज्ञ म्हणून तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"टाइप करून संगणकालाच जुळवू द्या ना."

"या संगणकात तशी सोय नाही. डोळ्यांनीच जुळवायचं."

"बाहेर तुमच्याच आई बसल्यात," तो चिडला. "पहिला नंबर त्यांचा. दोन दिवस चुकलेत उपचाराचे."

"म्हणूनच. पहिल्यापासून."

दार किलकिलं झालं. डोक्याला रुमाल बांधलेल्या आईने आत डोकावलं. "अगं, अजून किती? खुर्चीत मुळं फुटायची वेळ आली मला."

"थोडंच राहिलंय, आई."

"मघाशीही थोडंच होतं." दार लागलं.

ती वाचू लागली. या वेळी त्याने पडद्यावर बोट टेकवलं आणि अक्षरागणिक सरकवत नेलं. चाळीस अक्षरं झाली.

"दोन, ई, ए, पाच."

"थांबा." बोट जागीच राहिलं. "पाच नाही. सहा."

"सहाच आहे."

त्याने श्वास सोडला. "पुढेही चुकवणार आहात का?"

"ते सांगून कसं चालेल?"

दारावर पुन्हा टकटक झाली. ती काही बोलायच्या आत तोच बोलला, पडद्यावरून नजर न काढता.

"आई, अजून वीस अक्षरं आहेत. घाई करू नका."