पहिलीचं नवं पुस्तक

दानेश्वरीनं दोघींना एकाच सोफ्यावर बसवलं आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसली. "हे बघा, मला लपवाछपवी जमत नाही. काव्या पहिलीला आहे. रोज एक तास शिकवायचं. बोला, कोण महिना किती घेणार?"

शिकवणीसाठी दोघींना एकाच वेळी बोलावतात हे विजयमालाला नवीनच होतं. त्यात दुसरी कोण, तर कमलम्मा बाई! जुळे सोलापूर भागात तीस वर्षं घरोघरी शिकवणाऱ्या. डी.एड.साठी केमहून आलेल्या या पोरीला आपल्या घरात नाममात्र भाड्यानं खोली देणाऱ्याही त्याच. सकाळी घरातून निघताना दोघींनी एकमेकींना कुठं चाललोय ते सांगितलं नव्हतं.

"आठशे," बाई म्हणाल्या.

"सातशे," विजयमाला म्हणाली.

बाईंची मान झटकन वळली. शेजारी कोण बसलंय हे त्यांना आत्ता आवाजावरून कळलं. पदर सावरून त्या म्हणाल्या, "साडेसहाशे."

मग भाव उतरतच गेला. दानेश्वरी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती, मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी थांबावं तशी. तिला कसली घाई? पाचशेवर दोघी थांबल्या.

"पाचशेच म्हणताय दोघी, तर मग बाईच बऱ्या की," दानेश्वरी म्हणाली. "आमच्या सासूबाईंशी कन्नडात चार शब्द बोलतील तरी."

चार महिन्यांत सात घरांनी 'कळवतो' म्हणून विजयमालाला वाटेला लावलं होतं. दिवाळीच्या आत एक तरी काम धर, न्हायतर गपगुमान केमला ये, सोयरीक बघून ठेवलीय, असं वडिलांनी फोनवर बजावलं होतं. आणि बाईंची एक गोष्ट सगळ्या सोलापुरात फक्त तिलाच माहीत होती.

रोज संध्याकाळी बाई म्हणायच्या, "वाच गं मोठ्यानं, तुझे उच्चार सुधारू देत." ती शाळेच्या पुस्तकांतले धडे वाचायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या. उच्चार सुधारले, खोटं कशाला बोला. पण बाईंना अक्षर दिसेनासं झालं होतं, आणि ऐकलेले धडे पाठ करून त्या घरोघरी शिकवत होत्या. दोघींनाही ते कळत होतं. बोललं कुणीच नव्हतं.

यंदा पहिलीचं पुस्तक बदललं होतं. बाईंकडे या वर्षी पहिलीचं एकही मूल नव्हतं, म्हणून त्यांच्या कानावर आलं नव्हतं. विजयमालाला ठाऊक होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहून गेलं होतं.

"मॅडम," ती गोड आवाजात म्हणाली, "बाईंचं वाचन लई छान आहे. काव्याच्या पुस्तकातलं बारावं पान ऐकाच की एकदा."

काव्यानं उड्या मारत पुस्तक आणून बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी अंगठ्यानं पानं मोजली, बारावं उघडलं, चष्मा वर सरकवला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. मुंगी निघाली, तिला गुळाचा खडा सापडला, तो काही केल्या हलेना. कुठं अडखळणं नाही, की घाई नाही. त्यांच्यासारखं वाचणारं त्या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं.

"मम्मी, इथं तर बसचं चित्र आहे," काव्या पानावर बोट ठेवून म्हणाली. "मुंगी कुठाय?"

बाईंना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. त्या वाचत राहिल्या. दानेश्वरी खुर्चीवरून उठली, बाईंच्या तोंडासमोर दोन बोटं धरली आणि हळूच हलवली.

धडा संपला. बाई त्या बोटांच्या आरपार बघत हसल्या आणि म्हणाल्या, "पुढचा वाचू?"

"राहू द्या, बाई," दानेश्वरी म्हणाली. मग विजयमालाकडे वळली. "उद्यापासून तुम्ही या. चारशे देईन. आणि जाताना यांना खाली सोडा. आमच्या जिन्यात पडल्या तर नसती भानगड."

विजयमालानं मान हलवली. चारशे तर चारशे.

जिन्यात बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एक एक पायरी चाचपत दोघी उतरत होत्या. पहिल्या मजल्यावर विजयमालाचा फोन वाजला. पलीकडचा आवाज जिनाभर घुमला.

"बसवेशची आई बोलतेय. काव्याच्या मम्मीनं नंबर दिला. आमच्याकडे त्या कमलम्मा बाई येतात हो, पण आत्ताच कळलं. आम्ही गेलं वर्षभर फुकटच पैसे घातले म्हणायचं. तुमचे किती?"

विजयमालाला तोंड लपवावंसं वाटलं. आंधळ्या माणसापुढं ते कशाला, हेही लगेच वाटलं. "सहाशे," ती म्हणाली.

खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"दोन पोरं आहेत त्यांची," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "एकाचेच सांगू नकोस."

"एका मुलाचे सहाशे," विजयमाला फोनमध्ये म्हणाली. "दोघांचे अकराशे." आणि तिनं पुढच्या पायरीवर पाय ठेवला.