चौथ्यांदा सुटलेली क्लिप

काकांची जुनी डिझेल गाडी महिन्यात चौथ्यांदा रुसली आणि त्यांनी मला माझ्या गॅरेजमधून बोलावून घेतलं. बॉनेट उघडलं तर नेहमीचंच: पाइपची क्लिप सैल, डिझेल ठिबकतंय, लाइनमध्ये हवा. मग इंजिन कसलं सुरू होतंय. पण मी आवळलेली क्लिप आपोआप सुटत नाही, आणि स्क्रूवर भाजीच्या सुरीचे ओरखडे होते. तेवढ्यात काकूंनी चहा आणला. कप तोंडाशी नेला, तर त्याच्या कानाला डिझेलचा वास. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी फाटकाकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात काकांनी ते गाडीने वाकवलं होतं, आणि वर विचारलं होतं, "इथे फाटक कुणी आणलं?" क्लिप आवळून म्हणालो, "काका, मोतीबिंदू काढल्याशिवाय ही गळती थांबायची नाही." "डोळ्यांचा डिझेलशी काय संबंध?" "जुन्या गाडीत सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो." निघताना माझा स्क्रूड्रायव्हर काकूंच्या ट्रेमध्ये विसरून आलो.