कळा वाढवायचं सलाईन

प्रसूतिगृहाच्या भिंतीवर नियमाचा कागद डकवलेला होता: पहिलटकरीण असेल आणि दोन तासांत पिशवीचं तोंड आणखी उघडलं नाही, तर कळा वाढवायचं सलाईन लावायचंच. खुर्चीतल्या माणसानं नियम करायचा आणि टेबलावरच्या बाईनं तो सोसायचा, ही जगाची जुनी रीत.

दोन तास झाले. सिस्टर बाटली घेऊन आली, तशी टेबलावरच्या पहिलटकरणीनं हात चादरीखाली लपवला.

"अहो सिस्टर, बाळाचे ठोके चांगले आहेत, कळा येतायत, मी दमलेलीही नाही. अजून दोन तास थांबलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"सगळ्याजणी हेच म्हणतात."

"मग सगळ्याजणी खरंच बोलत असतील की."

"असतील. पण सहा वर्षांत एकीलाही सूट मिळालेली नाही. आणा तो हात."

तेवढ्यात कळ आली. ती ओसरेपर्यंत बाईनं टेबलाची दांडी घट्ट धरून ठेवली आणि मग दातओठ खात विचारलं, "कुठल्या दीडशहाण्यानं केलाय हो हा नियम? झोपवा त्याला इथं माझ्या शेजारी, मग विचारा दोन तास म्हणजे किती."

सिस्टरनं बाटली खाली ठेवली, भिंतीवरचा कागद काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला.



"सही तुमचीच आहे, डॉक्टर. खोडायचा असेल तर सगळ्याजणींसाठी खोडा, पेन देते."