धुरीचा वास

मृदुलाने बाळाचं अंगावरचं दूध तोडून एकोणसत्तर तास झाले होते. आणखी तीन तास दूध आलं नाही, तर तिच्या स्तनातली गाठ विरणार होती.

बाळ प्यायचं थांबलं की दुधाच्या पेशी आपोआप मरतात. तिला दिलेल्या इंजेक्शनने मरण्याचा तोच निरोप गाठीतल्या पेशींनाही पोचवला होता आणि त्या तो मुकाट ऐकत होत्या. पण मध्येच पान्हा फुटला, तर त्यांना जगायचा निरोप मिळतो आणि मग त्या पुन्हा कुणाचंच ऐकत नाहीत. पान्हा फुटायला बाळाची नुसती आठवणही पुरते, म्हणून हॉस्पिटलच्या त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नव्हता. फोन नव्हता, बाळाचा फोटोही नव्हता.

"तुमच्या आईंनी धुतलेला गाऊन पाठवलाय," सिस्टर शेवाळे म्हणाल्या. "बदला, बरं वाटेल."

मृदुलाने गाऊन अंगात घातला आणि ती थबकली. त्याला ओवा-वेखंडाच्या धुरीचा वास होता. आईने सवयीने बाळाच्या दुपट्यांबरोबर तिच्या कपड्यांनाही धुरी दिली होती.

छातीत कळ आली. तिने दोन्ही तळवे घट्ट दाबून धरले, तरी गाऊन भिजत गेला. पलंगाशेजारच्या मॉनिटरवर गाठीतल्या पेशींचे विझत आलेले ठिपके एकेक करून उजळू लागले.

"आता काही करता येत नाही ना?" मृदुलाने विचारलं.

सिस्टरनी मॉनिटर बंद केला आणि तिच्या खांद्यांवर शाल घातली.

काचेपलीकडे आई येऊन उभी राहिली. तिने खुणेनेच विचारलं, गाऊन मिळाला का?

मृदुलाने शाल छातीवर ओढून घेतली आणि हसून मान डोलावली.